कलम ३००-अ ची वकिली तालुक्यात बसून होते का?

पत्र: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका न्यायालयात मी पाच वर्षं वकिली करते. वाटपाचे दावे, वारसनोंदी, प्रांतांकडची अपिलं, हेच रोजचं काम. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याचं प्रकरण आलं. १९९४ साली त्यांच्या शेतातून रस्ता गेला. नोटीस नाही, मोबदला नाही, सातबारावर क्षेत्र अजून पूर्ण आहे. मालमत्तेवरचा नऊ न्यायमूर्तींचा २०२४ चा निकाल जोडून मी जिल्हा परिषदेला नोटीस पाठवली, उत्तर आलं नाही. पण या विषयाची ओढ लागली आहे. राज्यघटनेतला मालमत्तेचा हक्क, म्हणजे कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही असं सांगणारं कलम ३००-अ, यातच पुढे काम करायचं असेल तर एलएलएम करू, दिल्लीला जाऊ, की इथूनही जमेल? शिवाय पक्षकार म्हणतात, ‘मॅडम, मिळेल त्यात टक्का घ्या.’ ते योग्य आहे का?
– एक वकील, जिल्हा सांगली

ताई,

तालुक्यातच राहा. या विषयातलं निम्मं काम कागद शोधण्याचं आहे आणि ते कागद प्रांत कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, तलाठ्याच्या दप्तरात आणि भूमी अभिलेखच्या कपाटात पडून आहेत. तिथे कुणाकडे काय मागायचं हे तुम्हाला पाच वर्षांत कळलं आहे. मोठ्या शहरातल्या वकिलाला त्यासाठी तुमच्यासारख्या कुणाला तरी फोन करावा लागतो. उणीव आहे ती त्या कागदांवरून घटनेचा मुद्दा उभा करण्याच्या सवयीची, आणि ती लावून घेता येते.

सुरुवात तुमच्या नोटिशीपासून करू, कारण तिच्यात एक चूक आहे. तुम्ही जोडलेला ५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातला आहे. मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारती ताब्यात घेण्याची जी तरतूद म्हाडा कायद्यात १९८६ साली आली, तिच्यातून तो वाद उभा राहिला. ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या राज्यघटनेच्या कलम ३९(ब) मधल्या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येते का, हा प्रश्न होता आणि सरसकट येत नाही, असं बहुमताने ठरलं. निकाल मोठाच आहे, पण १९९४ साली रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याशी त्याचा थेट संबंध नाही. समोरच्या सरकारी वकिलाने पहिल्याच तारखेला हे दाखवून दिलं, तर तुमच्या बाकीच्या मुद्द्यांकडेही कोर्ट साशंकतेने बघायला लागेल.

तुम्हाला हवा तो निकाल त्याच वर्षी १६ मे रोजी आला: कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमल कुमार शाह. महापालिकेने कोलकाता महापालिका कायद्याच्या कलम ३५२ खाली जमीन घेतल्याचं सांगितलं. ते कलम फक्त कोणती जमीन लागेल हे निश्चित करण्याचा अधिकार देतं, संपादनाचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि कलम ३००-अ मध्ये काय काय सामावलेलं आहे ते सात भागांत मांडलं: नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन, न्याय्य मोबदला, वेळेत आणि नीट चालवलेली प्रक्रिया, आणि प्रक्रियेचा शेवट, म्हणजे जमीन कायदेशीररीत्या सरकारकडे निहित होणं. हे सात शब्द वहीच्या पानावर सात रकाने करून लिहा. कुठलंही भूसंपादनाचं प्रकरण आलं की प्रत्येक रकान्यात त्या फाइलीतला कागद आणि त्याची तारीख भरा. जो रकाना रिकामा राहील तो तुमचा मुद्दा.

एक पायाभूत गोष्ट पक्की असू द्या, कारण इथे चांगले चांगले वकील घसरतात. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम १९(१)(फ) आणि कलम ३१ काढून टाकली आणि ३००-अ आणलं. २० जून १९७९ पासून मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही, तो घटनात्मक हक्क आहे. त्यामुळे केवळ ३००-अ घेऊन कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. वाट उच्च न्यायालयाची, कलम २२६ च्या रिट अर्जाची. अर्जात ‘मूलभूत हक्काचा भंग’ असं लिहायचं असेल तर ते कलम १४ च्या आधाराने लिहा, ३००-अ च्या नावावर नको. दुसरं, ‘कायद्याच्या अधिकाराशिवाय’ या शब्दांतला कायदा म्हणजे विधिमंडळाचा कायदा किंवा त्याखालचा कायद्याचं बळ असलेला नियम वा आदेश. नुसता शासन निर्णय किंवा कार्यकारी अभियंत्याचं पत्र त्यात बसत नाही. बिशंभर दयाळ चंद्र मोहन खटल्यात १९८१ सालीच हे सांगून झालं आहे. तिसरं, जमीन पक्षकाराच्या स्वतःच्या कसणुकीत आणि कमाल मर्यादेच्या आत असेल तर कलम ३१-अ च्या दुसऱ्या परंतुकाकडे जरूर बघा. कृषिसुधारणेच्या कायद्याखाली अशी जमीन घेतली तरी बाजारभावापेक्षा कमी मोबदला देता येत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता तुमच्या १९९४ च्या रस्त्याकडे येतो. यावर जास्त लिहितो, कारण महाराष्ट्रात अशी प्रकरणं गावोगाव आहेत आणि तुमची वकिली यांच्यावरच उभी राहील.

पहिला प्रश्न घटनेचा नाहीच: रस्ता १९९४ साली नवा झाला, की आधीची गाडीवाट रुंद झाली? गाव नकाशाची नक्कल काढा. त्यावर तुटक दुबार रेषेची वाट तुमच्या गटातून जात असेल, तर तेवढी पट्टी आधीपासून वहिवाटीची धरली जाईल आणि तुमचा दावा फक्त वाढलेल्या रुंदीपुरता उरेल. पूर्ण रुंदीचा दावा लावून बसलात आणि सरकारने हा नकाशा पुढे केला, तर सत्य लपवल्याचा ठपका पक्षकारावर येतो. रिट अर्जात त्यासारखं नुकसान नाही.

मग सातबारा. संपादन खरंच झालं असतं तर भूमी अभिलेखने कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातला बदल नोंदवणारं पत्रक) केलं असतं, त्यावरून फेरफार पडला असता आणि क्षेत्र घटलं असतं. तसं झालेलं नाही, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. म्हणून १९९० पासून आजपर्यंतचे सगळे हस्तलिखित सातबारा, सगळे फेरफार आणि ८-अ ओळीने लावा. मात्र क्षेत्र पूर्ण आहे एवढ्यावर विसंबू नका. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, झाला, पैसे कोषागारात पडून राहिले आणि कमी-जास्त पत्रक कुणी केलंच नाही, असंही होतं. तसा निवाडा निघाला तर ३००-अ चा मुद्दा जवळपास संपतो. तेव्हा प्रांत कार्यालयातल्या भूसंपादनाच्या नोंदवहीत गावाच्या नावाने १९९० ते २००० या काळातली प्रकरणं स्वतः जाऊन बघा.

त्याच्या जोडीला माहिती अधिकाराचे तीन वेगवेगळे अर्ज द्या: जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला, प्रांतांना आणि उपअधीक्षक भूमी अभिलेखना. शुल्क प्रत्येकी १० रुपये. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘मोबदला का दिला नाही’ असं विचारू नका, ‘का’ या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागदांच्या प्रती मागा: गट क्रमांक अमुक यासाठीची अधिसूचना, निवाडा, ताबा पंचनामा, मोबदला दिल्याची पावती, बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तक. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं लेखी उत्तर आलं की नाराज होऊ नका, ते तुमचं निशाणी ‘अ’ आहे. उद्या शपथपत्रात ‘रीतसर संपादन केलं होतं’ असं म्हणणं त्या खात्याला जड जाईल.

रस्ता रोजगार हमीतून झाला असेल, तर बांधकाम विभागात काहीच सापडणार नाही. अशा वेळी तहसील कार्यालयाच्या रोहयो शाखेत मस्टर (मजुरांचा हजेरीपट) आणि अंदाजपत्रक शोधा. ‘शेतकऱ्याने खुशीने जमीन दिली’ हा बचाव बहुधा अशाच फाइलींच्या आधाराने येतो. लेखी संमतीपत्र असेल तर त्यावरची सही, तारीख आणि सगळे सहहिस्सेदार आहेत का हे तपासा. एका भावाच्या अंगठ्याने बाकीच्यांचा हिस्सा जात नाही. तोंडी संमतीचा बचाव विद्यादेवी विरुद्ध हिमाचल प्रदेश या २०२० च्या निकालात टिकला नाही. १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतलेली जमीन, मोबदला नाही, पक्षकार एक निरक्षर विधवा, असं ते प्रकरण. तोंडी संमती पुराव्याशिवाय मानता येत नाही आणि सरकारने आपल्याच नागरिकाविरुद्ध प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे दीर्घ ताब्यामुळे मालकी मिळाल्याचा, दावा करू नये, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. तुमच्या अर्जाचा तो कणा होईल. महाराष्ट्रातलाच निकाल हवा असेल तर तुकाराम काना जोशी विरुद्ध एमआयडीसी हा २०१२ चा घ्या. १९६४ च्या अधिसूचनेनंतर जमीन गेली आणि मोबदला मात्र मिळालाच नाही, अशा शेतकऱ्यांचं ते प्रकरण होतं. इतक्या वर्षांच्या विलंबावरही न्यायालयाने दार बंद केलं नाही.

विलंबाचा परिच्छेद मात्र मनापासून लिहा. ‘पक्षकार अशिक्षित असल्याने विलंब झाला’ हे एक वाक्य पुरत नाही. १९९४ नंतर घरात काय काय घडलं, कुणी कधी अर्ज दिला, ग्रामसभेत विषय कधी निघाला, कर्ता कधी वारला, वारसनोंद कधी झाली, हे सालवार मांडा आणि ज्या अर्जाची पोच आहे ती जोडा. एकही जुनी पोच नसेल तर आता जिल्हाधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना सविस्तर निवेदन द्या, पण त्याने जुना विलंब धुऊन निघतो असं समजू नका.

प्रतिवादी कोण करायचे, यातही गफलत होते. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. १९९४ साली ग्रामीण मार्ग असलेला रस्ता पुढे दर्जोन्नत झाला असेल तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि त्यात वर्ष जातं. रस्त्याचा आजचा क्रमांक काढा आणि राज्य शासन, जिल्हाधिकारी, भूसंपादन अधिकारी, जिल्हा परिषद, बांधकाम विभाग या सगळ्यांना पहिल्याच दिवशी घ्या.

आणि मागणी. रस्ता उखडून जमीन परत द्या, असं मागू नका. वाहता रस्ता कुठलंही कोर्ट बंद करणार नाही आणि मागणी अवाजवी दिसली की बाकीची वाजवी मागणीही फिकी पडते. कायद्याच्या अधिकाराशिवाय ताबा घेतल्याची घोषणा, २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ठरावीक महिन्यांत संयुक्त मोजणी आणि निवाडा करण्याचा आदेश, आणि त्या कायद्याप्रमाणे मोबदला व्याजासह, एवढं मागा. किती आर जमीन रस्त्यात गेली याचा वाद रिटमध्ये मिटत नाही. तथ्याचा वाद दिसला की अर्जदाराला दिवाणी दाव्याकडे पाठवलं जातं. म्हणून मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत, हातात आल्याशिवाय अर्ज दाखल करू नका.

अशी रिटं वर्षात चार-पाच येतील. रोजचं पोट भरतं ते निवाडा, वाढीव मोबदला आणि विकास आराखड्यातलं आरक्षण या तीन कामांवर. तेव्हा निवाडा वाचायला शिका, म्हणजे त्यातली बेरीज स्वतः करून बघा. २०१३ च्या कायद्यात कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेचा बाजारभाव धरतात. मुद्रांकाचा दर आणि आसपासच्या खरेदीखतांची सरासरी यांतलं जे जास्त ते. ही सरासरी सगळ्या खतांची काढायची नसते: आधीच्या तीन वर्षांतली खतं घेऊन त्यांतली जास्त दराची निम्मीच धरायची. निवाड्यात सर्वांत जास्त चुका इथे सापडतात. सूची क्रमांक २ (नोंदणी झालेल्या खतांचा गोषवारा) च्या प्रती स्वतः काढून निम्मी खतं मोजा.

पुढचा हिशेब असा. समजा, ग्रामीण भागातली १ हेक्टर जमीन, बाजारभाव २० लाख, त्याला गुणायचा गुणांक २. झाले ४० लाख. विहीर, पाईपलाईन, झाडं ५ लाख; झाले ४५. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे ९० लाख. शिवाय मूळ बाजारभावावर सामाजिक परिणाम अभ्यासाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी तोपर्यंत वार्षिक १२ टक्के. दीड वर्ष झालं असेल तर ३ लाख ६० हजार. एकूण ९३ लाख ६० हजार. दिलासा रक्कम फक्त जमिनीवर धरून विहीर आणि झाडं सोडून देणं आणि १२ टक्के विसरणं या दोन चुका नेहमीच्या. गुणांक मात्र डोळे झाकून २ धरू नका. तो राज्याच्या अधिसूचनेने ठरतो आणि ती बदलत आली आहे. त्या तारखेला कोणती लागू होती ती काढून फाइलीला लावा.

मुदतींची वही वेगळी ठेवा. कलम १५ च्या हरकतीला ६० दिवस. वाढीव मोबदल्याच्या कलम ६४ च्या अर्जाला, निवाड्याच्या वेळी पक्षकार हजर असेल तर ६ आठवडे. नसेल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. शेजाऱ्याला वाढीव मोबदल्याचे अर्ज ऐकणाऱ्या प्राधिकरणाने वाढवून दिलं, तर त्या निर्णयापासून ३ महिन्यांत कलम ७३ खाली तुमच्या पक्षकारालाही मागता येतं. आणि पैसे उचलताना पावतीवर ‘हरकत राखून’ हे दोन शब्द हवेतच. ते लिहिले नाहीत तर कलम ६४ चा अर्ज करण्याचा हक्कच जातो. गावात निवाड्याच्या नोटिसा वाटल्या जातात त्या आठवड्यात एवढी एक गोष्ट लोकांना सांगितलीत तरी मोठं काम होईल. थेट खरेदीचं खत झालं असेल, तर मात्र वाढीव मोबदल्याची वाट साधारणपणे बंद होते. तेव्हा सहीच्या आधीच हिशेब करून द्या.

बहिणींचे हिस्से हा वेगळाच कळीचा भाग. सातबारावर भावांची नावं, पैसे भावांच्या खात्यात, आणि दोन वर्षांनी वाटपाचा दावा. निवाड्याआधीच वारसांची यादी करा. वाद असेल तर कलम ७६ खाली तो प्राधिकरणाकडे पाठवायला सांगा, म्हणजे रक्कम सुरक्षित राहते. दोन्ही बाजूंचं वकीलपत्र अर्थातच घेऊ नका.

राष्ट्रीय महामार्गाची जमीन असेल तर घड्याळ वेगळं. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-अ च्या अधिसूचनेवर हरकतीला फक्त २१ दिवस, मोबदला पटला नाही तर प्राधिकरण नाही, लवाद. लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज ३ महिन्यांत. त्यावर फार तर ३० दिवस, पुढे एकही नाही. तिथे न्यायाधीश मोबदला नव्याने ठरवत नाहीत. एम. हकीम प्रकरणात २०२१ साली लवादाच्या निर्णयात फेरबदल करण्याचा अधिकारच नाकारला होता, एप्रिल २०२५ मध्ये गायत्री बालसामी निकालात घटनापीठाने तो मर्यादित स्वरूपात मान्य केला. म्हणजे खरेदीखतं, फोटो, झाडांची मोजणी, सगळा पुरावा लवादासमोरच यायला हवा.

विकास आराखड्याचं आरक्षण हे नगरपालिका असलेल्या तालुक्यात चांगलं काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. जुन्या वाचनात ६ किंवा १२ महिने दिसतील, ते आता लागू नाहीत. नगरपालिकेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेला प्रस्ताव म्हणजे ‘पाऊल’ नव्हे, हे गिरनार ट्रेडर्सच्या २००७ च्या निकालाने स्पष्ट केलं. नोटीस फुकट जाते ती साध्या कारणांनी: १० वर्षं पुरी व्हायला काही दिवस बाकी असताना दिली, नियोजन प्राधिकरणाऐवजी दुसऱ्याच कार्यालयाला दिली, मालकीचे कागद जोडले नाहीत, किंवा एका सहमालकाची सही राहिली. पोच घ्या आणि २४ महिन्यांची तारीख त्याच दिवशी वहीत लिहा.

फीबद्दल माझं मत ठाम आहे: टक्का घेऊ नका. बार कौन्सिलच्या आचारनियमांत निकालावर अवलंबून फी ठरवणं आणि मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणं, दोन्हीला मनाई आहे. पक्षकार स्वतः म्हणाला तरीही. भूसंपादनात हे सर्रास चालतं हे खरं, पण ज्या दिवशी पक्षकाराच्या पुतण्याने तक्रार केली त्या दिवशी तुमची सनद पणाला लागते. त्याहून वाईट म्हणजे टक्केवारी घेणाऱ्या वकिलाला तडजोडीचा सल्ला निर्मळ मनाने देता येत नाही. शेतकऱ्याकडे सुरुवातीला पैसे नसतात, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे कामाचे टप्पे पाडा: कागद गोळा करणं, नोटीस, अर्ज दाखल करणं, अंतिम सुनावणी. प्रत्येक टप्प्याची ठरावीक फी मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. नकला, मोजणी, टंकलेखनाचा खर्च वेगळा आणि पावतीसह. एकाच रस्त्यातले १२ खातेदार एकत्र आले तर खर्च वाटला जातो. कोरे धनादेश, पैसे काढण्याचं कुलमुखत्यारपत्र, गावातल्या मध्यस्थामार्फत आलेली वकीलपत्रं, यांना हात लावू नका. रक्कम थेट खातेदाराच्या खात्यात जायला हवी.

एलएलएम शिकवण्याची आवड असेल तर करा. पक्षकार त्याने येत नाहीत. दिल्लीचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयात अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड (तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार असलेला वकील) व्हायला चार वर्षांची वकिली, त्यानंतर एक वर्ष अशाच अनुभवी वकिलाकडे प्रशिक्षण, चार पेपरांची परीक्षा आणि न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय लागतं. सगळं घर हलवून मिळवावं असं ते तुमच्या कामाला आवश्यक नाही. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध विशेष अनुमती याचिकेला ९० दिवस असतात. तेवढ्यात फाइल नीट भाषांतर करून पाठवता येईल असा एक विश्वासू वकील तिकडे जोडून ठेवा.

तुमच्यासाठी खरा बदल कोल्हापुरात झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे बसतं आणि सांगलीसह सहा जिल्ह्यांची कामं तिथे जातात. आठवड्यातला एक दिवस तिथे द्या. पहिले सहा महिने स्वतःचं प्रकरण नसलं तरी भूसंपादनाचा बोर्ड, म्हणजे त्या प्रकरणांची यादी, असेल त्या दिवशी बसून ऐका: न्यायमूर्ती पहिला प्रश्न कोणता विचारतात, सरकारी वकील मुदत कशासाठी मागतात, अंतरिम आदेशात नेमके कोणते शब्द येतात. पुढे सरकारी वकिलांच्या किंवा महामंडळांच्या पॅनेलवर जायची संधी आली तर दोन-तीन वर्षं जरूर जा. खात्याच्या आतली फाइल कशी फिरते हे बाहेरून कधीच कळत नाही. फक्त तिथे हाताळलेलं गाव पुढे आयुष्यभर दुसऱ्या बाजूने घ्यायचं नाही.

वाचनासाठी ढीग नको. के. टी. प्लँटेशन (२०११), हरी कृष्ण मंदिर ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०२०, पुण्यातल्या रस्त्याच्या जागेचा वाद) आणि इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल (मार्च २०२०) एवढे तीन, वर सांगितलेल्यांच्या जोडीला, पूर्ण वाचा. सारांश नको, मूळ. शेवटचा विशेष काळजीने, कारण जुनं संपादन रद्द झालं असं म्हणायला आता ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही, या दोन्ही गोष्टी लागतात. त्याआधीचा २०१४ चा पुणे महापालिकेचा निकाल त्याने रद्दबातल केला, तरी तो अजून लोकांच्या मसुद्यांत सापडतो.

आता या महिन्यातलं काम. जुनी नोटीस तशीच राहू द्या, तिला ‘दुरुस्ती’ असं न म्हणता नवं सविस्तर निवेदन पाठवा आणि त्यात नऊ न्यायमूर्तींचा निकाल घालू नका. माहिती अधिकाराचे तीन अर्ज एकाच दिवशी टाका. मोजणीचा अर्जही लगेच द्या, पण तारीख ठरण्याआधी उपअधीक्षक कार्यालयात जाऊन बोला. तुमच्याकडे उभ्या उसात भूकरमापकाला रस्त्याची कड आणि बांध दिसत नाही, मग ‘पीक उभे असल्याने मोजणी झाली नाही’ असा शेरा पडतो आणि पुन्हा महिने जातात. ऊस तुटल्यानंतरची तारीख मागून घ्या, लगतच्या खातेदारांना नोटिसा पोचल्या का ते बघा, आणि त्या दिवशी शेतावर स्वतः हजर राहा.